एका जोडीला एकच क्रमांक

डेटाबेसमधल्या तक्त्यात एखादी गोष्ट नेमकी ओळखायला बरेचदा एक रकाना पुरत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्यांचीच यादी घेतली तरी हे लक्षात येते. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुण्यात आहे, तसे रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिक आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत, आष्टी बीड आणि वर्ध्यात, सेलू परभणी आणि वर्ध्यात, तर कळंब यवतमाळ आणि धाराशिवमध्ये सापडते. नुसते ‘कर्जत’ म्हणून कोणते कर्जत ते कळत नाही आणि नुसते ‘रायगड’ म्हणून तालुका कळत नाही. जिल्हा आणि तालुका हे दोन रकाने एकत्र वाचले तरच ओळख पटते.

अशा प्रत्येक वेगळ्या जोडीला स्वतःचा एक क्रमांक द्यायचा, ती जोडी तक्त्यात जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तिला तोच क्रमांक मिळाला पाहिजे आणि दुसऱ्या कोणत्याही जोडीला तो मिळता कामा नये, हे काम माहिती हाताळणाऱ्यांच्या वाट्याला सतत येते. रकाने दोनच असतात असे नाही. दुकानाच्या हिशेबात वस्तू, माप आणि रंग असे तीन असतील, जमिनीच्या नोंदीत जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक आणि हिस्सा असे पाच असतील. काम ऐकायला सोपे वाटते. क्रमांक पाडणे सोपेच आहे. तो किती काळ टिकायला हवा आणि ‘तीच जोडी’ कशाला म्हणायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवली नाहीत तर मात्र पुढचा सगळा हिशेब चुकतो.

क्रमांक कशासाठी

माहिती तक्त्यांत मांडण्याची आजची रीत एडगर कॉड या संशोधकाने घालून दिली. जन्माने इंग्रज असलेले कॉड आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होते. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी प्रत्येक ओळ तिच्यातल्या मूल्यांवरून ओळखता यावी, हा विचार मांडला. ही ओळख, म्हणजेच ‘प्रायमरी की’, एका रकान्याची असू शकते किंवा अनेक रकान्यांची मिळूनही असू शकते. त्याच विचारावर आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी प्रश्नभाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर रूढ झाली.

अनेक रकाने मिळून ओळख पटत असेल, तर वेगळा क्रमांक हवाच कशाला? पहिले कारण जागेचे. संगणकात देवनागरी मजकूर बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो आणि त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाला, म्हणजे मूळ अक्षर, काना, वेलांटी, हलन्त अशा प्रत्येकाला, ३ बाइट लागतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावात अशी १६ चिन्हे आणि एक मोकळी जागा आहे. एकूण ४९ बाइट झाले आणि हा अजून नुसता जिल्हा झाला. दोनशे कोटींपर्यंतचा पूर्णांक मात्र ४ बाइटांत मावतो. तक्ता लाखो ओळींचा असेल तर हा फरक मोठा होतो.

दुसरे कारण जोडणीचे. दोन तक्ते एकमेकांशी जुळवताना पाच-पाच रकाने ताडून पाहण्यापेक्षा एक आकडा ताडणे लवकर उरकते. शिवाय क्वेरी लिहिताना पाचांतला एखादा रकाना विसरण्याची भीती उरत नाही. तो विसरला की रायगडच्या कर्जतची नोंद अहिल्यानगरच्या कर्जतला चिकटते आणि बेरीज फुगते. संगणक त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

क्वेरीतच क्रमांक पाडणे

एकाच अहवालापुरता क्रमांक हवा असेल तर तो क्वेरीतच पाडता येतो. त्यासाठी एसक्यूएलमध्ये ‘विंडो फंक्शन’ या प्रकारची साधने आहेत. इतर ओळींकडे पाहून ती प्रत्येक ओळीसाठी एक मूल्य काढतात, पण ओळी एकत्र करून टाकत नाहीत. त्यांतली तीन येथे कामाची आहेत. रो नंबर, रँक आणि डेन्स रँक.

समजा, अर्जांच्या तक्त्यात सहा ओळी आहेत. जिल्हा आणि तालुका या क्रमाने लावल्यावर त्या अशा दिसतात:

अहिल्यानगर, कर्जत
अहिल्यानगर, कर्जत
पुणे, खेड
रत्नागिरी, खेड
रायगड, कर्जत
रायगड, कर्जत

रो नंबर प्रत्येक ओळीला पुढचा आकडा देते. त्यामुळे १, २, ३, ४, ५, ६ असे क्रमांक पडतात. अहिल्यानगरच्या कर्जतला १ आणि २ असे दोन क्रमांक मिळाले, म्हणून हे साधन येथे उपयोगाचे नाही. रँक सारख्या जोड्यांना सारखा क्रमांक देते, पण जितक्या ओळी मागे गेल्या तितके आकडे सोडून पुढे जाते. १, १, ३, ४, ५, ५ असे उत्तर मिळते. स्पर्धेत दोघांना विभागून पहिला क्रमांक दिला की दुसरा क्रमांक कोणालाच मिळत नाही, तसाच हा हिशेब. डेन्स रँक मध्ये खंड न पाडता १, १, २, ३, ४, ४ असे क्रमांक देते. चार वेगळ्या जोड्या आणि चारच क्रमांक, म्हणजे हवे ते मिळाले. क्वेरीत त्यासाठी एवढाच भाग लिहावा लागतो:

डेन्स_रँक() ओव्हर (ऑर्डर बाय जिल्हा, तालुका)

येथे नवशिक्यांची एक चूक हमखास होते. ‘ऑर्डर बाय’च्या जागी ‘पार्टिशन बाय जिल्हा, तालुका’ असे लिहिले जाते. पार्टिशन बाय म्हणजे गट पाडून प्रत्येक गटात मोजणी नव्याने सुरू करणे. रो नंबरसोबत ते लिहिले तर अहिल्यानगरच्या कर्जतच्या ओळींना १ आणि २ मिळतात आणि रायगडच्या कर्जतच्या ओळींनाही पुन्हा १ आणि २ मिळतात. हे गटातल्या ओळींचे अनुक्रमांक झाले, गटाचा क्रमांक झाला नाही. डेन्स रँकसोबत तेच दोन रकाने पार्टिशन बायमध्येही लिहिले, तर प्रत्येक गटात एकच जोडी उरते आणि सगळ्यांनाच १ क्रमांक मिळतो.

तक्ता फार मोठा असेल तर दुसरी वाट बरी पडते. महाराष्ट्रातले तालुके साडेतीनशेच्या घरात आहेत. अर्ज दहा लाख असले तरी वेगळ्या जोड्या तेवढ्याच राहणार. म्हणून आधी ‘ग्रुप बाय’ किंवा ‘डिस्टिंक्ट’ वापरून वेगळ्या जोड्यांची छोटी यादी करायची, त्या यादीला रो नंबरने क्रमांक द्यायचे आणि मग ती यादी मूळ तक्त्याला जोडायची. दहा लाख ओळी क्रमाने लावण्याचे श्रम त्यामुळे वाचू शकतात.

विंडो फंक्शन सगळीकडे एकाच वेळी आली नाहीत. एसक्यूएलच्या प्रमाणात ती २००३ च्या आवृत्तीत समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही तिन्ही साधने २००५ पासून आहेत आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २००९ पासून. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना मात्र २०१८ पर्यंत थांबावे लागले. तोवर प्रत्येक ओळीसाठी ‘हिच्या आधी येणाऱ्या वेगळ्या जोड्या किती’ हे स्वतंत्र उपक्वेरीने मोजावे लागे. ओळी दुप्पट झाल्या की असे काम साधारण चौपट वाढते. जुन्या क्वेऱ्यांमध्ये ही पद्धत अजून दिसते. ती दिसली तर बदलून टाकणेच योग्य.

एसक्यूएलबाहेरही हीच सोय आहे. पायथनच्या पांडास संचात ‘एनग्रुप’ हे काम करते, पण मोजणी शून्यापासून सुरू करते. सांख्यिकीवाल्यांच्या स्टाटामध्ये ‘ईजेन ग्रुप’ आहे आणि आर भाषेच्या डीप्लायर संचात ‘कर ग्रुप आयडी’ आहे.

आजचा क्रमांक उद्या तोच राहील का

डेन्स रँकने दिलेला क्रमांक हे त्या क्षणीच्या यादीतले स्थान असते. उद्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा पहिला अर्ज आला की वर्णानुक्रमाने तो अहिल्यानगरच्या आधी बसेल आणि त्याला १ क्रमांक मिळेल. बाकी सगळ्यांचे क्रमांक एकाने पुढे सरकतील. अहिल्यानगरच्या कर्जतला आज १ होता, उद्या २ असेल.

नाव बदलले तरी असेच होते. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यानंतर अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ‘उ’ खाली असलेला जिल्हा ‘ध’ खाली गेला की त्याच्या अधल्यामधल्या सगळ्या जोड्यांचे स्थान हलते. म्हणून डेन्स रँकचा क्रमांक एका अहवालापुरता उत्तम असला, तरी तो दुसऱ्या तक्त्यात साठवून ठेवणे, पत्रावर छापणे किंवा दुसऱ्या कार्यालयाला कळवणे धोक्याचे आहे. महिन्याभराने तोच आकडा वेगळ्याच तालुक्याकडे बोट दाखवेल.

टिकाऊ क्रमांकाची नोंदवही

क्रमांक कायमचा हवा असेल तर तो साठवून ठेवावा लागतो. त्यासाठी जोड्यांचा स्वतंत्र तक्ता करतात. त्यात एक रकाना आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा आणि बाकीचे रकाने जोडीचे असतात. जोडीच्या रकान्यांवर मिळून ‘युनिक’ हे बंधन घातलेले असते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत जसे नव्या पुस्तकाला पुढचा दाखल क्रमांक मिळतो आणि पुस्तक गहाळ झाले तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत, तशीच ही नोंदवही चालते.

नवी माहिती आली की दोन पायऱ्या होतात. आलेल्या माहितीतल्या ज्या जोड्या नोंदवहीत नाहीत तेवढ्याच आधी भरायच्या. मग नोंदवहीशी जोडणी करून प्रत्येक ओळीला तिचा क्रमांक लावायचा. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी तीच नवी जोडी भरली जाण्याची शक्यता असते. दोन्ही ठिकाणी ‘ही जोडी नाही’ असेच दिसते आणि दोन्हीकडून ती भरायला घेतली जाते. अशा वेळी युनिक बंधनच दुसऱ्या भरणीला अडवते. हे बंधन न घालता केवळ क्वेरीच्या भरवशावर राहिले, तर एका जोडीला दोन क्रमांक पडण्याचा दिवस उशिरा का होईना, उजाडतोच.

आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांत मध्ये खंड पडतात. एखादी भरणी रद्द झाली तरी तिच्यासाठी घेतलेला आकडा वाया जातो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण या क्रमांकाचे काम ओळख पटवणे एवढेच असते. खंड भरून काढण्यासाठी जुने क्रमांक पुन्हा वाटणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे.

मोठ्या संस्थांच्या विश्लेषणासाठी उभारलेल्या ‘डेटा वेअरहाउस’मध्ये ही पद्धत पायाभूत मानली जाते. या विषयातले अमेरिकी जाणकार राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथापासून अशा निरर्थक, म्हणजे स्वतःत कोणतीही माहिती नसलेल्या, ‘सरोगेट की’चा आग्रह धरला. त्या आग्रहामागचे कारण महाराष्ट्रातल्याच एका बदलातून स्पष्ट होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा आणि इतर चार तालुके नव्या जिल्ह्यात गेले. आता ‘ठाणे, वसई’ आणि ‘पालघर, वसई’ ही एकच जोडी की दोन? पाणीपुरवठ्याचा वीस वर्षांचा आढावा घेणाऱ्याला वसई ही एकच हवी. त्या त्या वर्षीच्या जिल्ह्याप्रमाणे खर्च मांडणाऱ्याला दोन हव्यात. नोंदवहीत क्रमांकासोबत ‘कोणत्या तारखेपासून’ आणि ‘कोणत्या तारखेपर्यंत’ असे दोन रकाने ठेवले आणि वसईचा म्हणून एक न बदलणारा क्रमांक वेगळा ठेवला, तर दोघांचेही काम भागते. हा निर्णय माणसाने घ्यायचा असतो. क्वेरी फक्त तो अमलात आणते.

क्रमांकातच अर्थ भरणे

वेगळी नोंदवही ठेवण्याऐवजी रकान्यांचे आकडेच एकापुढे एक मांडून क्रमांक तयार करण्याची रीत जुनी आहे. जिल्ह्याचा दोन अंकी आणि तालुक्याचा दोन अंकी संकेतांक असेल तर जिल्ह्याला १०० ने गुणून त्यात तालुका मिळवायचा. क्रमांकाकडे पाहूनच जिल्हा ओळखता येतो आणि जोडणीची गरज उरत नाही.

भारताचा पिनकोड याच जातीचा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. सहा अंकांतला पहिला अंक विभाग दाखवतो आणि महाराष्ट्र व गोवा यांचे पिनकोड ४ ने सुरू होतात. टपालाची विभागणी लवकर व्हावी हा त्याचा हेतू आहे आणि तो त्याने उत्तम साधला आहे. पण पिनकोड हा गावाचा ओळखक्रमांक नव्हे. एकाच पिनकोडाखाली अनेक गावे येतात आणि त्याच्या सीमा महसुली जिल्ह्यांच्या सीमांप्रमाणे चालत नाहीत. गाव ओळखण्यासाठी पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका वेगळे संकेतांक देते.

अर्थ भरलेल्या क्रमांकाला दोन मर्यादा आहेत. ठरवलेले अंक अपुरे पडले, म्हणजे दोन अंकी जागेत शंभरावी गोष्ट आली, की सगळी रचना कोसळते. आणि ज्या वास्तवाचा अर्थ क्रमांकात भरला ते बदलले, की क्रमांक खोटा ठरतो किंवा बदलावा लागतो.

हॅश: नोंदवहीशिवाय ओळख

कधीकधी मध्यवर्ती नोंदवही ठेवणे शक्यच नसते. दहा ठिकाणी माहिती गोळा होते, त्यांचा एकमेकांशी संपर्क नसतो, तरी सगळीकडे त्याच जोडीला तोच क्रमांक पडायला हवा असतो. अशा वेळी ‘हॅश’ वापरतात. जोडीचा मजकूर एका ठरलेल्या गणिती प्रक्रियेतून जातो आणि ठरावीक लांबीचा आकडा बाहेर पडतो. मजकूर तोच असेल तर आकडाही कुठेही, कधीही तोच येतो.

येथे पहिली काळजी घ्यायची ती रकाने जोडताना. गट १२, हिस्सा ३ आणि गट १, हिस्सा २३ हे नुसते एकापुढे एक ठेवले तर दोन्हींचे ‘१२३’ होते आणि दोन वेगळ्या जमिनींना एकच ओळख मिळते. म्हणून मध्ये एखादे विभाजक चिन्ह घालतात आणि ते चिन्ह मूळ माहितीत कुठेही येणार नाही याची खात्री करून घेतात.

दुसरी काळजी लांबीची. हॅशचे उत्तर मर्यादित लांबीचे असल्यामुळे दोन वेगळ्या जोड्यांना तेच उत्तर मिळू शकते. ३२ बिटांच्या हॅशमध्ये सुमारे ४२९ कोटी उत्तरे असतात. एवढी पुष्कळ झाली असे वाटते, पण २३ जणांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता जशी निम्म्याहून थोडी अधिक भरते, तशी केवळ ७७ हजार जोड्यांत टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर येते. एसक्यूएल सर्व्हरमधले ‘चेकसम’ ३२ बिटांचेच आहे, म्हणून ओळखक्रमांक म्हणून त्यावर विसंबू नये. रोनाल्ड रिव्हेस्ट यांचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले एमडी-५ हे १२८ बिटांचे आहे आणि त्यात योगायोगाने टक्कर होण्याची भीती व्यवहारात जवळपास नाही. मुद्दाम टक्कर घडवणे मात्र शक्य आहे, हे २००४ मध्ये चिनी संशोधक वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. जिथे फसवणुकीची शंका आहे तिथे एसएचए-२५६ वापरावे.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हॅश केल्याने माहिती गुप्त होत नाही. दहा अंकी मोबाइल क्रमांक जास्तीत जास्त एक हजार कोटी होतात. त्या सगळ्यांचे हॅश काढून यादी करणे आजच्या संगणकाला अवघड नाही आणि ती यादी हाती आली की हॅशवरून मूळ क्रमांक शोधता येतो. लोकांच्या खासगी माहितीचे रक्षण एवढ्यावर सोडणे म्हणजे त्यांचा विश्वास वाऱ्यावर सोडणे होय.

‘तीच जोडी’ म्हणजे कोणती

क्रमांक देण्याची पद्धत कोणतीही असो, दोन जोड्या सारख्या आहेत की नाहीत हे आधी ठरावे लागते. डोळ्यांना सारखे दिसणारे संगणकाला सारखे असेलच असे नाही.

मराठी मजकुरात हा प्रश्न फार जवळून भेटतो. कराड आणि कऱ्हाड, मालेगाव आणि मालेगांव, डहाणू आणि डहाणु अशी दुहेरी लेखने सर्रास आढळतात. ती वेगळी तरी दिसतात. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र तर दोन-तीन प्रकारे टंकता येतो. ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ आणि नुक्ता मिळून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, पण आत साठवलेले आकडे वेगळे असतात. यांतल्या पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडचे ‘नॉर्मलायझेशन’ एकरूप करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही, तो नियम लिहूनच दुरुस्त करावा लागतो. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हाही नेहमीचा उपद्रव आहे. म्हणून क्रमांक देण्याआधी मजकूर स्वच्छ करणे ही पहिली पायरी मानली पाहिजे.

रिकामा रकाना, म्हणजे ‘नल’, आणखी अवघड. एसक्यूएलमध्ये नल बरोबर नल हे खरे मानत नाहीत, उत्तर ‘अज्ञात’ येते. पण ग्रुप बाय आणि डेन्स रँक सगळे नल एकाच गटात घेतात. त्यामुळे हिस्सा नोंदवलेला नाही अशा जमिनीला नोंदवहीत क्रमांक मिळतो आणि पुढे साध्या जोडणीत ती ओळ जुळतच नाही. युनिक बंधनही अनेक डेटाबेसमध्ये नल असलेल्या जोड्या पुन्हापुन्हा भरू देते. पोस्टग्रेसक्यूएलने हे थांबवण्याची सोय २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत दिली. त्याआधीचा आणि आजही सगळीकडे चालणारा उपाय म्हणजे रिकाम्या जागी ‘नोंद नाही’ असे ठरावीक मूल्य भरणे.

काही जोड्यांत क्रमालाही महत्त्व नसते. पुणे ते नाशिक आणि नाशिक ते पुणे हे अंतर एकच आहे, तिकिटाचा प्रवास मात्र वेगळा. अंतराच्या तक्त्यात एकच क्रमांक हवा असेल, तर दोन नावांतले वर्णानुक्रमाने आधीचे नेहमी पहिल्या रकान्यात ठेवायचे. ‘लीस्ट’ आणि ‘ग्रेटेस्ट’ ही फंक्शन त्यासाठीच वापरतात.

निवड आणि तपासणी

एका अहवालापुरते काम असेल तर डेन्स रँक पुरेसे आहे. क्रमांक साठवायचा, छापायचा किंवा इतरांना द्यायचा असेल तर युनिक बंधन असलेली नोंदवही हवी. नोंदवही एका जागी ठेवता येत नसेल तर पुरेशा लांबीचा हॅश घ्यावा. अर्थ भरलेला क्रमांक, त्यातला अर्थ बदलणार नाही याची खात्री असेल तेव्हाच वापरावा.

पद्धत कोणतीही निवडली तरी शेवटी दोन मोजण्या कराव्यात. प्रत्येक जोडीला किती वेगळे क्रमांक पडले ते मोजावे आणि प्रत्येक क्रमांकाखाली किती वेगळ्या जोड्या आल्या तेही मोजावे. दोन्हीकडे प्रत्येक उत्तर १ आले पाहिजे. पहिल्या मोजणीत २ आले तर एकाच जोडीची नोंद दुभंगली आहे. दुसऱ्या मोजणीत २ आले तर दोन वेगळ्या जोड्या एक झाल्या आहेत. एकच जागा दोन प्रकारे लिहिली गेल्याची चूक मात्र या मोजण्यांत सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या दोन जोड्याच असतात. त्यासाठी वेगळ्या जोड्यांची यादी वर्णानुक्रमाने लावून माणसाने एकदा डोळ्यांखालून घालावी. यादी काहीशे ओळींचीच असते आणि तिच्यावर लाखो नोंदींचा खरेपणा अवलंबून असतो.